झाडाचा दगड कसा होतो?



पावसाळ्यात विहिरीच्या कडेला, ओल्या भिंतीवर नक्षीदार पानांचं नेचे उगवतं. त्यालाच आपण फर्न म्हणतो. एवढी नाजूक वनस्पती कोट्यवधी वर्षं टिकेल का? हो, टिकली आहे! फक्त दगड होऊन.

१९६० च्या दशकात स्वीडनच्या दक्षिण भागात कोर्सारोड या ठिकाणी एका शेतकऱ्याला नेच्याच्या खोडाचा जीवाश्म सापडला. वय सुमारे १८ कोटी वर्षे, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला! त्याने तो संग्रहालयाला दिला. तिथे तो अनेक वर्षे तसाच पडून होता.

आता हे घडलं कसं ते पाहू.

एरवी झाड मेलं की जिवाणू आणि बुरशी ते कुजवतात. हे नेचे मात्र ज्वालामुखीच्या राखमिश्रित चिखलाखाली अचानक गाडलं गेलं. चिखलातून खनिजे विरघळलेलं गरम पाणी वाहत होतं. ते खोडातल्या बारीक बारीक पेशींत शिरलं आणि तिथे कॅल्साइट या खनिजाचे स्फटिक तयार झाले. पेशी कुजण्याआधीच खनिजाने भरून गेल्या. या क्रियेला अश्मीभवन म्हणतात. काही ठिकाणी हेच काम सिलिका हे खनिज करते.

लक्षात ठेवा, दगडावर पानाचा नुसता ठसा उमटणं वेगळं आणि अश्मीभवन वेगळं. ठशात बाहेरचा आकार कळतो. अश्मीभवनात आतली रचनाही टिकते.

कोर्सारोडच्या नेच्यात काय काय टिकलं होतं? शास्त्रज्ञांनी दगडाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींतली केंद्रके दिसली. गुणसूत्रेही दिसली! काही पेशी तर विभाजन होत असतानाच दगड झाल्या होत्या. ही केंद्रके आजच्या जवळच्या नातलग नेच्यांच्या केंद्रकांएवढीच भरली. म्हणजे १८ कोटी वर्षांत या कुळात फारसा बदल झाला नाही, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेतकऱ्याने तो दगड फेकून दिला असता, तर? ही सगळी माहिती कायमची गेली असती. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातही झाडांच्या खोडांचे जीवाश्म आहेत. कधी पाहायला गेलात, तर तुकडा खिशात घालू नका. दगड जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला, हे सांगणं अवघड होतं. वेगळा दगड दिसला तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि शिक्षकांना सांगा.

करून पाहा : स्पंजचा पानासारखा तुकडा कापा. मिठाच्या दाट द्रावणात भिजवून काही दिवस उन्हात वाळवा. तो कडक होईल. छिद्रांत काय साचलं?

सांगा पाहू :
१. नेचे कुजण्याऐवजी दगड का झाले?
२. ठसा आणि अश्मीभवन यांत फरक काय?