राजीनाम्यावर सही करण्याआधी

पोरी, रड पाहिजे तेवढी, पण त्या राजीनाम्यावर सही करू नकोस. एचआरवाले सोमवारपर्यंत मेल कर म्हणाले ना? म्हणू दे. ‘स्वतःहून सोडलंस तर लेटर चांगलं देऊ’ हे गोड बोलणं त्यांच्या सोयीचं आहे. तू राजीनामा दिलास की कायद्याच्या लेखी तुला कोणी काढलंच नाही. दबाव टाकून लिहून घेतला असं नंतर म्हणता येतं, पण ते सिद्ध तुलाच करावं लागतं.

आता तुझा खरा सल. टीममध्ये सगळ्यात जुनी तू, आणि तुझ्यामागून आलेले जागेवर. ‘मीच का?’ आपल्या बोरगाव मेघेतल्या शेजारणी विचारतील तो भाग वेगळा, पण हा प्रश्न कायद्यातही आहे बरं. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ चं कलम २५जी सांगायचं, की एकाच प्रकारच्या कामातली माणसं कमी करायची तर साधारणपणे शेवटी आलेला आधी जाईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्या कलम ७१ मध्येही तेच आहे. आपल्या भूगावच्या पोलाद कारखान्यातल्या माणसाला ज्येष्ठता यादी समजावून सांगावी लागत नाही. महाराष्ट्राच्या जुन्या नियमांत ती कपातीच्या सात दिवस आधी नोटीस बोर्डावर लावायची असे. तुम्हा आयटीवाल्यांनाच कामगार म्हणवून घ्यायची लाज! ती आधी सोड. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० लोक कमी करणार म्हटलं, तेव्हा पुण्याची ‘नाइट्स’ ही आयटीवाल्यांची संघटना थेट केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली होती.

कंपनी त्या ‘साधारणपणे’वर बोट ठेवेल. पण क्रम मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. मद्रासच्या ‘स्वदेशमित्रन्’ वृत्तपत्राच्या १९६० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: जुना माणूस कामात कमी पडतो म्हणायचं, तर तसा भरवशाचा पुरावा हवा, शक्यतो त्याच्या नोकरीच्या नोंदींतलाच. म्हणून तुझे अप्रेझलचे कागद, कौतुकाचे मेल आत्ताच काढून ठेव. क्लायंटच्या फायलींना मात्र हात लावू नकोस, तेच तुझ्यावर उलटेल.

एक अडचण आहे. हे संरक्षण मॅनेजरला नाही. देखरेख करणाऱ्याचा पगार महिना १८,००० वर असेल तर त्यालाही नाही. पण कार्डावर ‘लीड’ छापलंय म्हणून घाबरू नकोस. कोर्ट पदाचं नाव पाहत नाही, रोजचं काम पाहतं. तू दिवसभर कोड लिहितेस, कुणाची रजासुद्धा मंजूर करत नाहीस.

सलग वर्षभर नोकरी झालेल्याला महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, एवढं तर हक्काचंच. तक्रार समेट अधिकाऱ्याकडे करायची. ४५ दिवस गेले तरी तोडगा नाही, तर न्यायाधिकरण. पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत.

खरं सांगू? केस जिंकून त्याच खुर्चीत परत बसशील असं मला वाटत नाही, फार वेळ जातो बाप्पा. पण लेखी कारण मागणाऱ्याशी कंपनी जरा जपून बोलते, आणि भरपाईचा आकडाही कधीकधी वाढतो. तेव्हा आज रात्री दोघी मिळून मेल लिहू: मी राजीनामा देत नाही, कमी करायचं असेल तर निवडीचं कारण आणि माझ्या कामाच्या गटाची ज्येष्ठता यादी लेखी द्या. बाबांना काय सांगायचं ते मी बघते.