धूर की वाफ?

वसाहतीतल्या मुलांसाठी दीपनगरच्या औष्णिक केंद्रावर चित्रकथेचं पुस्तक करायचं ठरलं. हतनूर धरणाचं पाणी आणि रेल्वेच्या वाघिणींतून आलेला कोळसा, यांची वीज कशी होते, एवढीच गोष्ट. संहिता माझ्याकडे होती. चित्रकार शोधताना जे कळलं ते असं.

१. एका देखण्या चित्रावर जाऊ नका. नमुना म्हणून सगळेच घोड्यावरचे शिवराय पाठवतात आणि ते छानच असतात. चित्रकथेत मात्र तोच माणूस पाठमोरा, वाकलेला, हसताना, अंधारात, असा पानापानांवर ओळखू यावा लागतो. म्हणून सलग पानं मागा. ती नसतील तर उमेदवार अजून चित्रकार आहे, चित्रकथाकार नाही.

२. सगळ्यांना एकच पान काढायला द्या, आणि त्याचे पैसे द्या. फुकट नमुना मागणं मला पटत नाही. मागणाऱ्याला मग घाईघाईत उरकलेलंच काम मिळतं. आमच्या पानात भुसावळहून येणाऱ्या बसमधली मुलगी कूलिंग टॉवर बघून बाबांना विचारते, “एवढा धूर?” बहुतेकांनी टॉवरमधून काळे लोट काढले. खरं तर तिथून निघते ती पाण्याची वाफ. बॉयलरचा धूर वेगळ्या वाटेनं जातो. ईएसपी या राख पकडणाऱ्या यंत्रात त्यातली बहुतेक राख अडते आणि उरलेला उंच, सडपातळ चिमणीतून वर जातो. मुलीचा प्रश्न चुकीचा आहे, हीच तर त्या पानाची गंमत होती. चित्रातच धूर आला की बाबांच्या उत्तराला अर्थ उरत नाही.

एका मुलीनं मात्र पेन्सिल उचलण्याआधी फोन केला. “काका, ही वाफ असेल तर थंडीच्या सकाळी जास्त दिसत असेल ना? मग गोष्ट डिसेंबरात घेऊ का?” तिनं बसमधल्या सगळ्यांना स्वेटर घातले. त्याच पानावर घरी भरताचा बेत होता. इतरांची वांगी लहान, जांभळी. हिची चांगली हातभर, हिरवी, बामणोदच्या बाजूला पिकतात तशी. तिची रेषा सगळ्यांत सफाईदार होती असं नाही. पण जिथं माहीत नाही तिथं ती थांबत होती, विचारत होती. काम तिलाच दिलं.

३. शैली गोष्टीला शोभली पाहिजे. राम वाईरकरांच्या हातून अमर चित्र कथेतला कृष्णही उतरला आणि ‘टिंकल’मधला सुपंडीही. असे हात विरळा. बाकीच्यांना जे जमतं तेच मागावं. ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झालेला चिंटू बघा. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित या जोडीनं मोजक्या रेषांत सोसायटीतली पोरं उभी केली. त्याला बारीक छायाप्रकाशाची गरजच नव्हती. आमच्या टर्बाइनला मात्र होती.

४. फुगे आधी, चित्र नंतर. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. दोन ओळींत हवा लागते. इंग्रजी कॉमिक्सवर हात बसलेले लोक फुगा इवलासा ठेवतात आणि मग अक्षरं बॉयलरच्या नळ्यांवर चढतात. आधी बोलणारा डावीकडे, हेही कच्च्या आराखड्यातच तपासा.

५. कच्ची पानं संवादांशिवाय पोरांना दाखवा आणि गोष्ट त्यांनाच सांगू द्या. ती जिथं अडखळतील तिथं चौकट कमी पडलीय.

६. कागद करा. ओळखीतला असला तरी. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी लागतं. मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांपुरतं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. मूळ चित्रं कोणाकडे राहणार, दुसऱ्या आवृत्तीचं मानधन किती, किती वेळा दुरुस्ती मागता येईल, हेही लिहा. आम्ही पैशांचे तीन हप्ते केले: आराखड्याला, शाईकामाला आणि छपाईला फाईल गेल्यावर. मुखपृष्ठावर लेखकाइतक्याच टायपात चित्रकाराचं नाव, हे कलम मी स्वतःहून घातलं.