म्हणे, दोष माझ्या पायात

पिकअपचा ब्रेक कधी वर लागतो, कधी तळाला जातो, ही तक्रार सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सांगून बघा. समोरचा पोरगा टॅबवर बोट फिरवतो, ‘ब्रेक चेक’ एवढंच टाकतो आणि गाडी आत ढकलतो. आत कोणीतरी रिकामी गाडी शेडपासून गेटपर्यंत नेतो, दोनदा ब्रेक दाबतो, परत आणून लावतो. ‘ओके आहे सर.’ ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरून कल्याणच्या मार्केटला जाणारा माणूस माळशेज उतरताना ब्रेकबद्दल मनाचे खेळ करत बसत नाही, एवढंही यांना कळू नये?

माझी तक्रार मोघम नव्हती. मी त्यांना स्वच्छ सांगत होतो : वळण संपून गाडी सरळ झाली की पहिला पाय निम्म्याच्या खाली जातो. लगेच दुसरा मारला की पेडल जागेवर, एकदम कडक. खड्ड्यांतून गेल्यावर पुन्हा तेच. सरळगाव सोडून मुरबाडकडे चांगल्या रस्त्याला लागलं की काहीच नाही, ब्रेक नव्या गाडीसारखा. भरलेल्या गाडीला जास्त, रिकाम्या परतीला कमी. यातलं एक अक्षर जॉबकार्डवर चढलं नाही.

आधी ब्रेक ऑइल बदललं, एअर काढली. मग पॅड. मग म्हणाले मास्टर सिलिंडर आतून सोडत असणार, तो बदलू. ‘असणार’ या शब्दावर माझे साडेअकरा हजार गेले. प्रत्येक वेळी गाडी ताब्यात घेताना ब्रेक उत्तम, आणि भरून घाटाला लागलो की पहिला पाय खाली. शेवटी त्यांनी स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकही फॉल्ट कोड नाही. म्हणजे विषय संपला, असा त्यांचा चेहरा. अहो, हा स्कॅनर सेन्सरच्या चुका सांगतो. कुठला नट ढिला आहे ते त्याला दिसत नाही.

त्यावर मॅनेजर साहेबांनी माझ्या पुतण्यादेखत मला शिकवलं, ‘भाऊ, तुम्ही लोक ओव्हरलोड भरता आणि ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरता. ऑइल उकळतं, पेडल जातं. दोष गाडीत नाही, पायात आहे.’ माझ्याकडे काट्याच्या पावत्या आहेत, पासिंगपेक्षा जास्त वजन एकीवरही नाही. पण पावत्या बघायला वेळ कोणाला होता!

बरं, ऑइल उकळतं हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की हीच मर्यादा १५५ च्या आसपास येते. डॉट ३ ची त्याहून कमी. पण ऑइल उकळलं तर पेडल स्पंजासारखं होतं आणि ब्रेक निवेपर्यंत तसंच राहतं. माझा पहिला पाय जायचा तो घाटाच्या माथ्यावरच, पहाटे, ब्रेक गार असताना. आणि दुसऱ्या पायाला पेडल ठणठणीत. हे उकळण्यात कुठे बसतं? मी हे विचारलं तेव्हा साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले.

आळेफाट्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे स्कॅनर नाही, बसायला सोफा नाही. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. एकच प्रश्न विचारला, ‘पहिला पाय जातो तो खड्ड्याच्या आधी का नंतर?’ मी म्हणालो, नंतर. ‘वळणाच्या?’ नंतर. मग त्यांनी पोराला जॅक आणायला सांगितलं.

पुढचं चाक उचललं, मागच्या चाकांना लाकडं लावली, खाली घोडी दिली. मिस्त्रींनी एक हात टायरच्या डोक्यावर, दुसरा तळाशी धरला आणि चाक आतबाहेर हलवलं. खट्. पुन्हा हलवलं. खट्. मला माझ्या दोन्ही कानांनी ऐकू आलं. मग ते पुतण्याला म्हणाले, ‘आत बस रे बाळा, ब्रेक दाबून धर.’ त्याने दाबला. चाक हलवलं, आवाज नाही. सोड म्हणाले, सोडला. खट्. ‘बघा,’ म्हणाले, ‘ब्रेक दाबल्यावर ढील गेली म्हणजे बॉलजॉइंट नाही, बेअरिंग. ब्रेक धरूनही खट् झालं असतं तर खालचं बघावं लागलं असतं.’

मी तिथेच थांबवलं आणि पुतण्याला मोबाइल काढायला लावला. हबची टोपी व्हिडिओ चालू असताना निघाली. आत ग्रीस ताजं, स्वच्छ. नट हाताने फिरत होता. आणि त्या नटाला अडकवणाऱ्या लॉक वॉशरची एकही पाकळी दुमडलेली नव्हती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तक्रार सुरू झाली त्याच्या जेमतेम आधीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात एक ओळ आहे : ‘फ्रंट व्हील बेअरिंग ग्रीसिंग.’ पैसे घेतलेले आहेत. म्हणजे ज्यांनी हब खोलून नट तसाच सोडला, त्यांनीच मला पॅड विकले, मास्टर विकला आणि वर माझ्या पायाला नावं ठेवली.

आता यात होतं काय ते सांगतो, कारण हे मला सर्व्हिस सेंटरमध्ये कोणी सांगितलं नाही. बेअरिंग ढिलं असलं की वळणावर, खड्ड्यात हब किंचित कलतो आणि त्याच्यासोबत डिस्क. कललेली डिस्क पॅडला ढकलते, पॅड कॅलिपरच्या पिस्टनला आत ढकलतो. पुढच्या ब्रेकला पहिलं ऑइल हा पिस्टन जागेवर आणण्यातच खर्ची पडतं, म्हणून पेडल खोल जातं. दुसऱ्या पायाला पिस्टन जागेवर असतो, म्हणून पेडल वर. गुळगुळीत रस्त्यावर डिस्क कलत नाही, म्हणून तिथे तक्रार नाही. शेड ते गेट एवढ्या सिमेंटवर ही तक्रार या जन्मात दिसली नसती.

म्हणून पहिली गोष्ट : पेडल ‘कसं’ लागतं यापेक्षा ‘कधी’ तसं लागतं ते लिहून ठेवा. गार असताना की तापल्यावर, भरलेली की रिकामी, वळणानंतर, खड्ड्यानंतर, गाडी धुतल्यावर, की रात्रभर उभी राहिल्यावर. आणि ते तुमच्याच शब्दांत जॉबकार्डवर चढवून घ्या, चढल्याशिवाय सही करू नका. ‘ब्रेक चेक’ वर सही करणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं.

बाकीच्या तपासण्या घरच्या अंगणात होतात. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून ठेवूनच चावी मारा. इंजिन लागताच पेडल थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं, किंवा चालताना पेडल मधूनच दगडासारखं होत असेल, तर बूस्टर, त्याचा पाईप, त्यातला एकेरी व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम पंप बघा. डिझेल इंजिनाला हा पंप वेगळा लागतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. अल्टरनेटर दुरुस्त करून आणल्यावर ब्रेक जड झाला तर आधी तिकडे बघा.

इंजिन चालू ठेवून पेडल हलक्या पायाने दाबून धरा. हळूहळू तळाला जाऊ लागलं आणि बाहेर कुठेही ऑइल गळत नसेल, तर मास्टर आतून सोडतोय असा संशय घ्यायला जागा आहे. ही चाचणी मिनिटभराची आहे. माझा मास्टर काढायच्या आधी ती कोणी केली नाही. मिस्त्रींनी नंतर केली, पण तोवर मास्टर नवा बसलेला.

पेडल नेहमीच, म्हणजे वळणबिळण न बघता, पंप केल्यावर वर येत असेल तर मागच्या ड्रमचे लायनर लांब राहिलेत का ते बघा, नाहीतर हवा आहे. एबीएसच्या गाडीत मॉड्युलेटरमध्ये हवा अडकली तर नुसतं निप्पल उघडून ती निघेलच असं नाही. काही गाड्यांना स्कॅनरवरून पंप फिरवावा लागतो. स्कॅनरचा खरा उपयोग इथे.

अजून एक गोष्ट, आपल्याकडच्या पिकअपवाल्यांसाठी खास. मागे जादा पाटे टाकायची हौस असते, गाडी बसू नये म्हणून. पण अनेक पिकअपच्या मागच्या अॅक्सलला एक दांडी जोडलेली असते, ती गाडी किती बसली यावरून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हला जाते. पाटे वाढवले की भरलेली गाडी बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं रिकामीच आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. सगळा भार पुढच्यांवर. पाटे टाकणारा हे सांगत नाही.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगतो. आणि पहिला पाय खाली जात असेल तर तपासल्याशिवाय भरलेली गाडी घाटात घालू नका, मार्केट बुडालं तरी चालेल.

काढलेले सुटे भाग परत मागा. मागायचे ते गाडी आत जाण्यापूर्वी, कार्डावर लिहून. नंतर मागितले की ‘स्क्रॅपमध्ये गेले’.

व्हिडिओ घेऊन मी गेलो तेव्हा तेच साहेब म्हणाले, ‘बाहेर हब खोललात, आता आमची जबाबदारी नाही.’ आणि वर, ‘ही कमर्शियल गाडी, ग्राहक मंचात चालणार नाही.’ हे ऐकून बरेच जण परत फिरतात. फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतू वगळला आहे, पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू त्या हेतूत धरत नाहीत. मी स्वतः गाडी चालवतो, दुसरं उत्पन्न नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते, मी केली. मिस्त्रींनी नट बसवून, वॉशर दुमडून किती घेतले ते सांगत नाही, साहेबांना लाज वाटेल. ते बिलही तक्रारीला जोडलं आहे, ग्रीसिंगच्या बिलाच्या शेजारी. माझा जुना मास्टर मात्र अजून त्यांच्याकडेच आहे. तो खराब होता हे त्यांनी दाखवून द्यावं, एवढंच मी नोटिशीत मागितलं आहे.