तरुणांचा अर्धांगवायु

अर्धांगवायु हा म्हाताऱ्यांचा रोग, असा आपल्या खेड्यांतून समज आहे. म्हणून पंचविशींतल्या मनुष्याचें तोंड एकाएकीं वांकडें झालें कीं घरचे करणी म्हणतात, वारें गेलें म्हणतात, आणि देवऋष्याच्या दारीं अर्धा दिवस घालवितात. तो अर्धा दिवसच घात करितो.

मेंदूस रक्त पोंचविणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेंतून वर जातात. त्यांपैकीं दोन मणक्यांच्या छिद्रांतून. मान एकदम पिळली गेली तर धमनीचें आंतलें अस्तर कधीं कधीं फाटतें, तेथें रक्त गोठतें व ती गांठ सुटून मेंदूंत अडकते. नवी मुंबईस, वाशी-तुर्भ्याच्या बाजारांत कामास गेलेले आपले तरुण केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाकड मोडून घेतात. आम्हींही पुष्कळ वर्षें घेतली. आतां घेत नाहीं. बहुतेकांस कांहीं होत नाहीं, म्हणूनच खोड सुटत नाहीं. मात्र त्यानंतर मानेंत किंवा डोक्याच्या मागें पूर्वी कधीं न झालेली कळ उठली तर ती अंगावर काढूं नये. झटका कांहीं दिवसांनींही येतो.

दुसरें कारण तरुण स्त्रियांत आढळतें. जपानी नेत्रवैद्य ताकायासू यांनीं 1908 सालीं वर्णिलेल्या या रोगांत मोठ्या धमन्यांच्या भिंती सुजून वाट अरुंद होते. मनगटाची नाडी लागेनाशी होते, दोन हातांचा रक्तदाब निरनिराळा भरतो. दोन्ही हात तपासावे, एवढें डॉक्टरांस सुचविण्यांत संकोच कसला?

तिसरी गोष्ट बाळंतिणीची. प्रसूतीनंतर कांहीं आठवडे रक्त सहज गोठतें. त्यांत आपल्या आयाबाया तिचें पाणी तोडतात! मग मेंदूंतून रक्त परत नेणाऱ्या शिरा तुंबण्याची भीति वाढते. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढते, ओकाऱ्या होतात, डोळ्यांपुढें अंधारी येते, आंकडी येते. लोक तिला बाधा म्हणतात. तिला पाणी द्या, आणि अशीं चिन्हें दिसतांच मोठ्या दवाखान्यांत न्या.

हात लुळा पडला, बोबडी वळली, तोंड वांकडें झालें, तर 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. गांठ विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, तेंही मेंदूचें चित्र काढून रक्तस्राव नाहीं अशी खात्री झाल्यावर. रोगी शेवटचा धड केव्हां दिसला ती वेळ लिहून बरोबर न्यावी. डॉक्टर प्रथम तेंच विचारतात. वाटेंत तोंडांत पाणी किंवा औषध घालूं नये.