आधी लालबागेचा खडक, मग लडाख

बंगळूर

चि. मनू,


तू पाठवलेली यादी मी नीट वाचली. लडाख, स्पिती, मेघालयातले जिवंत मुळांचे पूल, अंदमान, आइसलँड. यातलं एकही नाव खोड असं मी म्हणणार नाही. तुझ्या वयात अशी यादी असायलाच हवी. पण खाली तू लिहिलंस की, ‘बंगळूरला आले आणि सह्याद्री सुटला, आता इथे काय बघायचं, म्हणून सगळं दूरचंच लिहिलं.’ ते वाचून राहवलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की यादीला क्रम हवा. डोंगर, नदी, जंगल बघण्याची नजर जवळच्या मुलखात तयार होते, आणि पायही तिथेच तयार होतात. नजर तयार नसताना गाठलेल्या दूरच्या ठिकाणी हाती फोटो लागतात, त्यापलीकडे फारसं काही लागत नाही. म्हणून आधी दगड, मग नदी, मग घाट आणि त्यानंतर लडाख, असं लाव.

दगडापासून सुरुवात करायला लालबागेत जा. तिथला उघडा खडक, ज्यावर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांचा बुरूज उभा आहे, सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हा खडक म्हणजे नाइस. तू वाईची, पांडवगड-वैराटगडावर वाढलेली. तो आपला काळा कातळ लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सह्याद्रीचे थर साचायला लागले, तेव्हाही लालबागेचा खडक अतिप्राचीनच होता. हे त्या खडकावर बसून एकदा मनात घोळव. ‘इथे काही नाही’ हे वाक्य पुन्हा लिहावंसं वाटणार नाही.

मग रामनगर आणि सावनदुर्ग. दोन्हीकडे उभे आहेत ते अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटचे डोंगर. रामनगरला लोक १९७५च्या ‘शोले’मुळे जातात, पण तू रामदेवर बेट्टाला जा ती गिधाडांसाठी. २०१२ साली तिथे गिधाडांचं अभयारण्य झालं. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने देशभरातली गिधाडं मेली. २००६मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं, तरी इथे आता अगदी मोजकी उरली आहेत. कड्याकडे दुर्बीण लावून बसायचं आणि धीर धरायचा. दिसली तर भाग्य. नाही दिसली तरी त्या रिकाम्या कड्याचं कारण तुला ठाऊक असेल.

सावनदुर्गाशी आपलाही संबंध आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. केंपेगौडांचं घराणं मागडीकडे सरकलं, आणि सावनदुर्ग त्यांच्या ताब्यात राहिला. १,२२६ मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे जवळजवळ एकच अखंड उघडा दगड. आपल्या गडांवर पायऱ्या, खोबणी, झुडपं हाताशी असतात. इथे नुसता उतार असतो आणि पावलावर भरवसा ठेवावा लागतो. दगड ओला असेल तर चढू नकोस. उन्हं तापण्याआधी खाली ये. आसपासच्या जंगलात बिबटे आणि अस्वलं आहेत, म्हणून अंधारात उतरायची वेळ येऊ देऊ नकोस आणि एकटी तर जाऊच नकोस.

दुसरी ओळ नदीची. नंदी डोंगर १,४७८ मीटर उंच आहे. लोक तिथे पहाटेचं धुकं बघून परततात. तू लक्षात ठेव की त्याच डोंगरात अर्कावती उगम पावते. बंगळूर आधी तिच्यावर जगलं. १८९४ साली हेसरघट्ट्याचं पाणी आणायची योजना निघाली, १९३३मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण झालं. शहर वाढलं, अर्कावती आटली. आज तुझ्या नळाला येतं ते मुख्यतः कावेरीचं पाणी. सुमारे शंभर किलोमीटरवरून येतं आणि जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवावं लागतं. ते चढवायला किती वीज लागत असेल याचा विचार कर, मग नळाकडे वेगळ्या नजरेने बघशील.

म्हणून नंदीनंतर कनकपुऱ्यापलीकडच्या संगमावर जा. तिथे अर्कावती कावेरीला मिळते. पुढे मेकेदाटूला कावेरी अरुंद घळीत शिरते आणि तिने खडकात रांजणखळगे कोरले आहेत. निघोजला कुकडीने काळ्या कातळात केलेलं काम तू पाहिलं आहेस. त्याहून कितीतरी जुन्या दगडात तेच काम बघ. पाण्यात मात्र उतरू नकोस. वरून शांत दिसणारा प्रवाह खाली ओढतो, आणि शेवाळलेल्या कडेवरून माणसं घसरून बुडाली आहेत. याच नदीवर शिवनसमुद्रचे धबधबे आहेत. तिथे १९०२ साली वीजघर उभं राहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली, आणि १९०५ साली बंगळूरचे दिवे लागले. पावसाळा सरत आला की जा.

नदीकाठची माणसंही बघ. मद्दूर तालुक्यातल्या कोक्करेबेळ्ळूर गावात पेलिकन आणि चित्रबलाक दरवर्षी घरांमधल्या चिंचांवर घरटी करतात. अंगणात विष्ठा पडते, वास येतो, चिंचेचं उत्पन्न बुडतं, तरी गाव त्यांना हाकलत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, हळू बोल, झाडाखाली गर्दी करू नकोस.

तिसरी ओळ घाटाची, आणि तुला वाटतं तसा सह्याद्री मुळीच सुटलेला नाही. तोच डोंगर कर्नाटकात आणखी उंच होतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तर इकडे कुमार पर्वत १,७१२, कुद्रेमुख १,८९४ आणि मुळ्ळयनगिरी १,९३०. मला विचारशील तर आधी कुद्रेमुख. तिथे गवताळ माथे आहेत आणि घड्यांमधून शोला नावाची दाट झाडी. गवत आणि शोला मिळून पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि वर्षभर झिरपू देतात. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती याच भागात उगम पावतात. तुंगा-भद्रा एक होऊन पुढे कृष्णेला मिळतात, वाईच्या घाटावरून वाहणाऱ्या आपल्याच कृष्णेला. कुद्रेमुखला लोखंडाची खाण होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती २००५च्या अखेरीस बंद झाली. लोकांनी लढून वाचवलेल्या डोंगरावर आपण चालतो आहोत, हे ध्यानात ठेवून चाल.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा तिथला उत्तम काळ. जळवा असतील, मोजे लांब घाल. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा बंद ठेवतात. वनखात्याची नोंदणी केल्याशिवाय निघू नकोस, आणि नोंदणी मिळाली नाही तर चोरवाटेने जाऊ नकोस. माणसांची संख्या आवरली नाही तर ते गवत तुडवलं जातं आणि पाण्याचा साठा तिथेच संपायला लागतो. डबा घरचा ने, प्लास्टिक परत आण, स्पीकर घरी ठेव.

एवढं झालं की लडाखला खुशाल जा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणून पहिले दोन दिवस काही न करता विश्रांती घे. शरीराला वेळ देण्याची सवय तुला तोवर लागलेली असेल. तिथे सिंधूच्या काठी थर दिसतील, तेव्हा ते कोणत्या खडकाचे, पाणी कुठून येतं, त्यावर कोण जगतं, हे प्रश्न तुझे तुला पडतील. गाइडने सांगावं लागणार नाही. आइसलँडला गेलीस तर तिथला काळा लाव्हा बघून तुला आपला कातळ कसा घडला असेल ते कळेल. दूरचा प्रवास असा फळतो.

पुढचे दोन रविवार मी मोकळी आहे. सावनदुर्गाला माझे गुडघे येणार नाहीत, पण लालबाग आणि नंदीला मी तुझ्याबरोबर येईन. कुठला रविवार ते कळव. दादा-वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझी,
आत्या