पाकिटात पाकीट

बाय, पुढच्या विधानसभेला किंवा लोकसभेला आपल्या घरातली तीन मतं टपाली व्हायची आहेत. माई पंच्याऐंशीच्या पुढे गेली, तुझा भाऊ सैन्यात आहे, आणि तू जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणजे तुझी निवडणुकीची ड्युटी ठरलेलीच. मी नोकरीत असताना मतदान केंद्रावर बसलो, मोजणीच्या टेबलाशीही बसलो. तिथे एक गोष्ट पक्की कळली. टपाली मत खूण करताना फारसं चुकत नाही. ते तारखेला चुकतं, नाहीतर पाकिटाला.

आधी माईचं बघ. घरून मत द्यायचं तर नमुना १२-ड भरावा लागतो, सगळे त्याला बारा-डी म्हणतात. अधिसूचना निघाली की त्यानंतरच्या पाच दिवसांत तो भरून गेला पाहिजे. २०२४ च्या विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, मतदान होतं २० नोव्हेंबरला. अर्जाची मुदत वसुबारसेच्या आधीच संपली. घराघरांत साफसफाई आणि फराळाची तयारी चाललेली. मतदानाला अजून महिना आहे म्हणून लोक निवांत होते आणि तेवढ्यात वेळ निघून गेली. म्हणून मतदानाची तारीख लक्षात ठेवू नकोस, अधिसूचनेची ठेव. निवडणूक जाहीर होते तेव्हाच पेपरात पूर्ण वेळापत्रक येतं, ते कापून दिनदर्शिकेला टाचून ठेव.

अर्ज घेऊन बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येतात. आल्या नाहीत तर वाट बघत बसायचं नाही. बहुतेकदा त्या आपल्याच अंगणवाडीच्या सेविका नाहीतर शाळेतल्या बाई असतात, जाऊन विचार. नाहीतर पालीच्या तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत जा, किंवा १९५० वर फोन कर. भरलेला अर्ज देताना पोच घे.

वयाचं आधी तपास. पूर्वी ही सोय ऐंशीच्या पुढच्यांना होती, मार्च २०२४ पासून ती पंच्याऐंशी केली. हिशेबात धरतात ते मतदार यादीतलं वय. माईच्या पिढीत शाळेत नाव घालताना अंदाजाने तारीख सांगत, ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांची तारीख कुणी तरी केव्हा तरी लिहिलेली. यादीत चार वर्षं कमी पडली असतील तर ऐन वेळी काही करता येत नाही. आत्ता सवड आहे, नमुना ८ भरून दुरुस्त करून घे. शेजारच्या काकूंचं वय बसत नाही, पण त्यांच्याकडे चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे, तेवढ्यावर त्यांनाही बारा-डी भरता येतो. त्यांना सांग, त्यांना कुणी सांगितलेलं नसेल.

आणि हे सगळं करायच्या आधी माईला विचार. एकदा अर्ज मंजूर झाला की यादीत तिच्या नावापुढे टपाली मताची खूण पडते. मग मतदानाच्या दिवशी बरं वाटलं, रिक्षा मिळाली, म्हणून केंद्रावर गेली तरी तिला मत देता येणार नाही. ती अजून काठी टेकत बल्लाळेश्वराला जाते. तिला केंद्रावर जाऊन बोटाला शाई लावून घ्यायची असेल तर जाऊ दे. तिथे वृद्धांना रांगेत उभं करत नाहीत, चाकाची खुर्ची आणि उतार असतो. किन्नौरच्या कल्पा गावचे श्याम सरन नेगी स्वतंत्र भारताचे पहिले मतदार. शंभरी ओलांडल्यावरही केंद्रावर जाण्याचा त्यांचा आग्रह असे. तब्येत साथ देईना तेव्हा २ नोव्हेंबर २०२२ ला त्यांनी घरून टपाली मत दिलं आणि तीन दिवसांनी ते गेले. घरून द्यायचं की जाऊन द्यायचं हे ज्याचं त्यानेच ठरवावं, मुलांनी सोयीसाठी ठरवू नये.

घरून द्यायचं ठरलं तर पथक कधी येणार ते आधी कळवतात. त्या दिवशी माईला दवाखान्यात किंवा आत्याकडे नेऊ नका. ती घरी नसेल तर पथक आणखी एकदा येतं, त्यानंतर नाही. दोन मतदान अधिकारी, पोलीस, कॅमेरावाला असे येतात, उमेदवारांचे प्रतिनिधीही येऊ शकतात. एवढी माणसं बघून ती बावरेल, आदल्या रात्री समजावून ठेव. कॅमेरा कामकाजाचा असतो, तिची खूण टिपायला नसतो. तिचं ओळखपत्र आणि चष्मा हाताशी ठेव. चष्म्याशिवाय तिला नावं दिसत नाहीत आणि मग कुणीतरी पुढे सरसावतं.

ते कुणीतरी आपल्या घरचंच असतं, म्हणून हे कडक सांगतो. तिला दिसत असेल, हात चालत असेल, तर खूण करताना तिच्याजवळ कुणी थांबायचं नाही. तू नाही, मीही नाही. फारच अशक्त असेल तर एखाद्या सज्ञान माणसाची मदत घेता येते, पण तो तिच्या सांगण्याप्रमाणे खूण करील आणि बाहेर अवाक्षर काढणार नाही. ‘माईला काय कळतंय’ हे वाक्य त्या दिवशी मला घरात ऐकू येता कामा नये.

आता पाकीट. मतपत्रिकेवर पसंतीच्या एकाच नावापुढे स्पष्ट खूण. सही नाही, नाव नाही, अंगठा नाही. मत कुणाचं हे ओळखता येईल असं काही दिसलं तर ते बाद. मतपत्रिका लहान पाकिटात, म्हणजे १३-ब मध्ये, आणि ते चिकटवायचं. घोषणापत्र, नमुना १३-अ, वेगळं. त्यावर मतदाराची सही किंवा अंगठा, साक्षांकन, आणि मतपत्रिकेवरचाच क्रमांक. मग चिकटवलेलं लहान पाकीट आणि सुटं घोषणापत्र ही दोन्ही मोठ्या १३-क पाकिटात. घोषणापत्र चुकून लहान पाकिटात गेलं की मत गेलं. मोजणीला मोठं पाकीट उघडल्यावर घोषणापत्र सापडलं नाही, किंवा क्रमांक जुळला नाही, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. आतलं मत कितीही चोख असो.

एवढ्यातेवढ्याने काय होतं म्हणशील, तर २०२४ च्या लोकसभेला वायव्य मुंबईत रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे राहिले. तिथे बाद झालेली टपाली मतं १११ होती.

माईच्या वेळी पाकिटाचं काम अधिकारी समोर करून घेतात. तुझ्या भावाला मात्र ते स्वतः करावं लागेल. त्याची मतपत्रिका युनिटमध्ये संगणकावरून येते, ती छापून घ्यायची, खूण करायची आणि टपालाने परत पाठवायची. तिकीट लावावं लागत नाही, पत्ता छापूनच येतो. घोषणापत्रावर आणि पाकिटांवर क्यूआर कोड असतो, मोजणीला तो वाचतात, म्हणून छपाई फिकी नको आणि कोडावर घडी किंवा डिंक नको. मोजणी सुरू व्हायच्या आत, म्हणजे सकाळी आठच्या आधी, पाकीट पोचलं पाहिजे. २०२४ च्या मे महिन्यात रायगडचं मतदान ७ तारखेला आणि मोजणी ४ जूनला, टपालाला भरपूर सवड होती. नोव्हेंबरात मतदान २० ला आणि मोजणी २३ ला. सीमेवरून पेणला, आपल्या विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक कार्यालयात, पाकीट यायला किती दिवस लागतात ते त्यालाच ठाऊक, त्याला सांग, मतपत्रिका हातात आली त्याच दिवशी रवाना कर. तो फार लांबच्या चौकीवर असेल तर सैन्यातल्या माणसाला गावातला प्रतिनिधी नेमून त्याच्याकरवी केंद्रावर मत देता येतं. त्या प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात.

तुझं सोपं आहे. पहिल्याच प्रशिक्षणाला नमुना १२ भरून दे. पूर्वी आम्ही मतपत्रिका घरी आणायचो आणि ती टपालात टाकायची राहून जायची. २०२३ मध्ये नियम बदलला, आता सुविधा केंद्रावरच मत देऊन तिथेच जमा करायचं. दुसऱ्या प्रशिक्षणाला जेवणाच्या सुट्टीत ते उरकून टाक. नंतर यंत्रांच्या पेट्या, याद्या आणि बस यांत सवड मिळत नाही.

ठाण्याचा तुझा चुलतभाऊ विचारील, मला का नाही? नोकरीसाठी बाहेर राहणाऱ्याला टपाली मत नाही. त्याने ठाण्यात नाव नोंदवावं, नाहीतर मतदानाला पालीला यावं. दुबईच्या मामांनाही पासपोर्ट घेऊन इथल्या केंद्रावरच यावं लागेल. आणि बारा-डीची सोय लोकसभा-विधानसभेपुरती. नगरपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा हा अर्ज शोधत तहसीलला जाऊ नकोस. त्या वेळी माईला खुर्चीतून आपणच नेऊ.