सिंह निशाणीखाली काढलेली वर्षं

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं पूर्ण नाव क्वचितच कुणी घेत असे. तो सिंहाच्या निशाणीचा ‘आपला मगो’. पुढे कित्येक निवडणुकांत मी मतदारयादी घेऊन या पक्षासाठी दारोदार फिरलो. गोव्याच्या बहुजन समाजाला मगोने जे दिलं त्याचं ऋण मी मानतो, म्हणूनच तो का ओसरला हेही लिहून ठेवावंसं वाटतं.

१. ध्येय हरलं तरी पक्ष तरतो, लोकांचं रोजचं काम त्याच्या हातात असेल तर.

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाला ‘फूल’, वेगळा संघप्रदेश राहण्याला ‘दोन पानं’. फूल ३४,०२१ मतांनी हरलं. गोवा महाराष्ट्रात नेण्यासाठीच जो पक्ष जन्मला, त्याचा खरं तर तिथेच निकाल लागायचा. पण लगेच विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोने ३० पैकी १६ जागा जिंकून पुन्हा सरकार बनवलं. मगोचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक, तरी शेतात राबणाऱ्याला ते आपले वाटत. त्यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्या घरात पहिली पाटी आली ती तेव्हाच. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणात वाकून उभं राहणाऱ्या माणसांची मुलं सरकारी नोकरीत जाऊ लागली. विलीनीकरणाच्या भाषणांपेक्षा हे लोकांच्या जास्त लक्षात राहिलं.

२. कायदा करून पक्षाची जबाबदारी सुटत नाही.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊ गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ साली मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला कसत असलेल्या जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी झाली. माझे वडील जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्यामागे ठेवत. कूळ म्हणून त्यांचं नाव त्यावर होतं. पाहुणे आले की पिशवी बाहेर निघे. पण खरेदीची किंमत ठरायची, ती भरायची, मग सनद मिळायची. अर्ज, तारीख, पुढची तारीख, मामलेदाराची बदली, पुन्हा पहिल्यापासून. मुंडकारांचंही तेच. या माणसांबरोबर मामलेदार कचेरीच्या बाकावर बसायला पक्षाचा माणूस हवा होता. आमचे पुढारी मात्र त्या दिवसांत पणजीत मंत्रिपदाची गणितं मांडत होते. १९७९ मध्ये स्वपक्षाच्याच आमदारांनी साथ सोडल्याने ताईंचं सरकार पडलं आणि जानेवारी १९८० मध्ये मगो सात जागांवर आला. भाऊंच्या वेळी बांधलेलं घर इतक्या लवकर डळमळेल असं आमच्या गावात कुणालाच वाटलं नव्हतं. मला विचाराल तर पडझड इथे सुरू झाली. नंतरचं सगळं याचंच लांबण.

३. आमदारांच्या भरवशावर पक्ष ठेवू नये.

१९८९ मध्ये मगोच्या ४० पैकी १८ जागा होत्या, काँग्रेसच्या २०. सत्ता हाताशी आलेली. १९९० च्या आघाडीत मगो सरकारात गेला आणि जानेवारी १९९१ मध्ये मगोतून फुटलेले रवी नाईक काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. मार्च २०१९ मध्ये तर तीनच आमदार उरले होते. पक्षांतरबंदी कायद्यात दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला दोन तृतीयांश आमदार लागतात, म्हणजे तिघांतले दोघे. त्या दोघांनी मध्यरात्री भाजपचा रस्ता धरला.

४. युतीत जागा द्याव्या, मतदार देऊ नये.

कुळांचा पक्ष म्हणून वाढलेला मगो १९९४ पर्यंत बराच उजवीकडे झुकला होता. त्या वर्षी भाजपशी युती केली तेव्हा मगोच्या १२ जागा आल्या, भाजपच्या चार. १९९९ मध्ये मगो चार, भाजप दहा. २००२ मध्ये मगोच्या दोनच. युतीच्या एका निवडणुकीत शेजारच्या मतदारसंघात नमुना मतपत्रिका दाखवत फिरताना एका आजीने वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, “आमचो सिंह खंय?” मी तिचं बोट धरून कमळावर ठेवलं. पुढच्या खेपेला सिंह परत मतपत्रिकेवर आला, पण तिच्या नातवांनी सांगितलं, आजी आता कमळच शोधते.

५. शाळा राखल्याशिवाय भाषा राखता येत नाही.

१९८७ च्या राजभाषा कायद्यानंतर मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा म्हणून आम्ही मोर्चे काढले, आणि ती मागणी मला आजही रास्त वाटते. पण त्याच वर्षांत भाऊंनी उघडलेल्या शाळांतली मुलं कमी होत गेली आणि पुढे कितीतरी शाळांना टाळं लागलं. त्यासाठी पक्षाची एक बैठक झाल्याचं मला आठवत नाही.

६. प्रादेशिक पक्षाला गोव्यात अजून जागा आहे.

२०२२ मध्ये मगो तृणमूलबरोबर लढला, निकालानंतर भाजप सरकारला पाठिंबा दिला; पदरात मडकई आणि मांद्रे या दोन जागा. त्याच निवडणुकीत रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाने गोंयकाराची जमीन आणि हक्क हाच विषय घेऊन एक आमदार निवडून आणला. तरुण मुलं त्यांच्या सभांना जात होती, आणि त्यांतली काही जुन्या मगो घरांतली होती. जमिनीचा प्रश्न संपलेला नाही; मुंडकारांचे जुने दावे अजून मामलेदारांपुढे पडून आहेत. मगोकडे आजही वाड्यावाड्यावर ओळखीची, शब्द पाळणारी माणसं आहेत. त्यांनी त्या दाव्यांची पुढची तारीख कधी आहे ते विचारून त्या दिवशी कचेरीत हजर राहावं.